जाफराबादचा रेल्वे सल्लागार

आमच्या जाफराबादला रेल्वे नाही. रूळ नाहीत, फाटक नाही, शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. आगगाडी बघायची तर आधी काळी-पिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून जालना गाठावं लागतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं.

बसस्टँडसमोर माझं विहिरीत सोडायच्या पाणबुडी मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. पण माझा जीव रमतो तो समोरच्या हॉटेलात. तिथं सकाळी पेपर येतो आणि पहिल्या चहाबरोबर मी देश हातात घेतो. सरकारी नेमणुका हा माझा खास विषय. कोण राज्यपाल झालं, कोणत्या आयोगावर कुणाची वर्णी लागली, हे वाचलं की माझ्या अंगात येतं. मी उभा राहतो, बशी हातात धरतो आणि सुरू होतो. "काल ज्याच्या गळ्यात निवृत्तीचा हार पडला, त्याला आज नवी खुर्ची! अरे, हारातली फुलं तरी सुकू द्या!" हॉटेल हसतं. मग मी आवाज खाली आणतो आणि माझं ठरलेलं मत मांडतो. ते मत असं की, ज्याला ज्या खात्यावर नेमायचं आहे, त्याला आधी महिनाभर त्या खात्याच्या रांगेत उभं करा. टिकला तर नेमा. पळाला तर राजदूत करून लांब पाठवा.

हे मी नुसतं हसवायला म्हणत नाही. मला ते खरंच तसं वाटतं. ज्याच्या हातात लोकांचा दिवस जातो, त्याला लोकांचा दिवस कसा जातो हे ठाऊक नसावं, याचा मला मनापासून राग येतो. पण नुसता राग सांगितला तर कुणी ऐकत नाही, म्हणून बशी लागते.

माझ्या शेजारी माझ्या मित्राचं कापडाचं दुकान आहे. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. आम्ही शाळेपासूनचे दोस्त, पण स्वभाव उलटे. त्याला मतच नाही. सगळ्या पक्षांच्या बायका त्याच्याकडे साड्या घेतात, मग मत ठेवून करायचं काय? कुणी काहीही बोललं की हा म्हणतो, "बराबर आहे." लगेच दुसरा उलटं बोलला तर त्यालाही म्हणतो, "बिलकुल बराबर आहे."

तर हा एके दुपारी माझ्या दुकानात आला, पाइपांच्या गठ्ठ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "भौ, तुला रेल्वेच्या सल्लागार कमिटीवर घ्यायचं चालू आहे."

"कुणाचं?"

"माझंच. खासदारसाहेबांच्या पीएकडं जाऊन आल्तो मी. शिफारस त्यांची जाती."

मी एवढा हसलो की समोरचं गिऱ्हाईक दचकलं. "शेठ, आपल्या गावात रूळ तरी आहेत का?"

"रूळ न्हाई, पण तुला तोंड आहे. अन् त्या कमिटीत बोलायचंच असतं. मी गेलो तर मोठ्या साहेबापुढं 'बराबर आहे' म्हणून परत येईन."

मग त्यानं खरं कारण सांगितलं. त्याची आई, आम्ही सगळे तिला माँसा म्हणतो, राजस्थानात कुलदेवीला जायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. वाटेत एका जंक्शनवर गाडी बदलावी लागते आणि फलाट बदलायला उंच पूल चढावा लागतो. मागच्या खेपेला माँसा त्या पुलाच्या अर्ध्यात खाली बसली. उठवेना. पुढची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली आणि मायलेक दर्शन न घेता परत आले.

"आता म्हणती, डोळे मिटायच्या आत एकदा नेऊन आण," मित्र म्हणाला. त्याची नजर पाइपाच्या तोंडात होती. "तू कमिटीत बसून एकच माग. त्या पुलाला लिफ्ट, न्हाई तर आपल्याकडून सरळ जाणारा एक डबा. बस, दुसरं काही नको."

मी हो म्हणालो. कशाला खोटं बोलू, मला माँसाचं वाईटही वाटलं आणि आतून उकळ्याही फुटल्या. सल्लागार!

"पण एक आहे," तो म्हणाला. "पीएला तुझी कीर्ती माहीत आहे. मी शब्द देऊन आलो, यादी निघेपर्यंत आमचा माणूस नेमणुकांवर तोंड उघडणार न्हाई. माझा शब्द आहे, भौ."

आणि माझे हाल सुरू झाले.

त्याच आठवड्यात दिल्लीत एक मोठी नेमणूक झाली. अशी की, वाचताना पेपरच हसत होता. सगळं हॉटेल माझ्याकडे वळलं. निवृत्त अव्वल कारकून, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, त्यांनी माझ्यासाठी बशीसुद्धा रिकामी करून ठेवली.

मी म्हणालो, "बराबर आहे."

भाऊसाहेबांनी माझं मनगट धरून नाडी बघितली. "ताप न्हाई," ते म्हणाले. "मंग हे काय होऊन राह्यलं याला?"

मी दुकानात आलो. पाइप आकारानं लावले, मोडले, रंगानं लावले. मोबाइल उघडला, मिटला. यादी आज निघणार, उद्या निघणार, अशा बातम्या रोज कानावर यायच्या आणि मी रोज खुर्चीच्या टोकावर बसायचो. घरी टीव्हीसमोर फेऱ्या मारत मी राहिलेलं सगळं बोलून काढायचो, तर बायको भाजी निवडत म्हणाली, "हे ऐकायच्या पोस्टवर मला कोणी नेमलं? माझी बदली करा."

सगळ्यात मोठी पंचाईत वेगळीच होती. रेल्वे नसलेल्या गावचा माणूस रेल्वेच्या समितीवर, ही नेमणूक दुसऱ्या कुणाची असती तर मी तिचं काय केलं असतं! मला एकाहून एक टोमणे सुचायचे. इतके सरस की, माझं मलाच कौतुक वाटायचं. पण ते सगळे माझ्यावरच होते आणि गिळावे लागत होते. तरी फिरत होतो ते त्याच ऐटीत. जालन्याला गेलो की उगाच स्टेशनात डोकावायचो, फलाट न्याहाळायचो, पंख्यांकडे बघून मान हलवायचो.

आता आमच्याकडची रीत सांगतो. आमच्याकडे सत्काराला दम निघत नाही. मुलगा पास व्हायच्या बेतात असला तरी शाल आणून ठेवतात. पीए एका मंगल कार्यालयाच्या उद्घाटनाला येणार असं कळलं, तेव्हा भाऊसाहेबांनी ठरवलं की, लगे हाथ माझाही सत्कार उरकून घ्यावा. "यादी काय, आज न्हाई तर उद्या. पीए परत येईल का?" रातोरात फ्लेक्स छापला गेला. त्यावर माझा हात जोडलेला फोटो आणि पाठीमागं, कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, धूर सोडणारं कोळशाचं इंजिन.

मित्र घाबरला. "आधी सत्कार नको रे."

मी म्हणालो, "होऊ दे की." मला शाल हवी होती.

झाला सत्कार. शाल आली, नारळ आला, पीएनं हात मिळवला. माँसाला पुढच्या ओळीत खुर्ची दिली होती. मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो, आभार मानले, खाली बसणार, एवढ्यात मागून भाऊसाहेबांचा आवाज आला. "ते सगळं ठीक आहे, पण आपल्या गावाला रेल्वे कुठंय? मंग हे कसे?"

माझाच प्रश्न होता तो. मीच इतकी वर्षं त्या माणसाला शिकवला होता. सगळे हसले. मीही हसून बसलो असतो तर काही बिघडत नव्हतं. पण माईक हातात होता, समोर माणसं होती आणि पोटात इतक्या दिवसांचं साठलेलं होतं.

"यात नवल काय, भाऊसाहेब?" मी म्हणालो. "देशात रीतच ती आहे! ज्यानं नांगर धरला न्हाई त्याला शेती, जो दवाखान्याच्या रांगेत कधी बसला न्हाई त्याला आरोग्य. मंग मी तर जालन्याला जाऊन इंजिन बघून आलो. मी तर जास्तच शिकलेला निघालो!"

टाळ्या पडल्या. मग कुठला थांबतो मी! निवृत्तीचे हार काढले, आयोग काढले, चौकशी समितीची चौकशी करणारी समिती काढली. शाल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकत मी अख्खा दिल्ली दरबार उभा केला. पीएसुद्धा डोळे पुसत हसत होता. मंडपात एकच माणूस हसत नव्हता. तो माँसाच्या खुर्चीमागं उभा होता आणि त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट होता. तो हात दिसला तेव्हा मी गडबडीनं पुलाचं बोललो, लिफ्टचं बोललो. पण लोक हसायच्या लयीत आले होते. ते त्यालाही हसले.

जाताना पीए माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लई हुशार आहात तुम्ही. तुमच्यासारख्या माणसाला कमिटीत बसवून वाया घालवायचं का?"

यादी निघाली. आमच्या जागी जालन्याचे एक गृहस्थ आले. त्यांचं घर स्टेशनच्या मागेच आहे आणि ते कायम मोटारीनं फिरतात.

मित्र भांडला असता तर बरं झालं असतं. तो चहाला यायचा थांबला. मी दारातून हाक मारली की तो गिऱ्हाइकाला आणखी एक तागा उलगडून दाखवायचा. माझं मतांचं दुकान पुन्हा सुरू झालं होतं, हॉटेल खूश होतं, पण माझं मन लागेना. बोलता बोलता माझी नजर शेजारच्या शटरकडे जायची.

शेवटी मी त्याच्या गादीवर जाऊन बसलो. "तिकिटं काढ. तीन. पूल मी बघतो."

"तू काय बघतो? तोंडानं चढवतो का तिला?"

"न्हाई चढवली तर तिथून मला मागच्या गाडीनं पाठव."

त्यानं बराच वेळ कापडाची घडी घातली. घातलेलीच घडी परत घातली. मग आतून माँसाचा आवाज आला, "उसको ले चल. रास्ते में टाइम पास होता."

आम्ही निघालो. जालन्यापासून त्या जंक्शनपर्यंत मित्र माझ्याशी चार शब्द बोलला असेल, तेही पाण्याच्या बाटलीबद्दल. जंक्शनला उतरलो तर पुलावर ही गर्दी. दोन्हीकडून माणसं, पेट्या, पोती. माँसाचा एक हात त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. एकेक पायरी चढत वर पोचलो आणि पुलाच्या अर्ध्यात माँसा थांबली. ती खाली वाकायला लागली. मागून धक्के, पुढून धक्के. खाली आमची गाडी लागत असल्याची घोषणा झाली. मित्राचा चेहरा पांढरा पडला. "बैठना नहीं, माँसा. बैठना नहीं."

माँसानं माझ्याकडे बघितलं. "अब क्यूँ चुप है? गाँव में तो लई बोलता."

मी टाचा उंचावल्या, छाती भरून घेतली आणि मंडपात लावला होता त्याहून मोठा आवाज लावला. "बाजूला व्हा! रेल्वे सल्लागार समिती पाहणीला आलीये! चलो, साइड!"

आणि काय सांगू, पूल दुभंगला! पोती भिंतीला चिकटली, एकानं डोक्यावरची पेटी खाली घेतली, दोन पोरांनी स्वतःहून माँसाचे दंड धरले. एका टोपीवाल्यानं तर तिला नमस्कार केला. माँसा मोकळ्या पुलावरून इकडे तिकडे बघत, दम खात, अगदी सावकाश चालत निघाली.

"खोटं का बोलून राह्यला?" मित्र दातांतून पुटपुटला.

"खोटं काय त्यात? मी आहे म्हणालो का कमिटीत?"

त्यानं पुढं चाललेल्या आईकडे पाहिलं. माँसानं कठड्यावर हात ठेवून उतरायच्या पायऱ्या वरूनच न्याहाळल्या आणि त्या टोपीवाल्याला विचारलं, "इतनी ऊँची किसने बनाई रे?" तो बिचारा चाचरत म्हणाला, "माहीत नाही, बाई."

"बिलकुल गलत आहे ही पायरी," माझा मित्र मोठ्यानं म्हणाला, सगळ्या पुलाला ऐकू जाईल असं. मग आम्ही दोघांनी मिळून माँसाला उचललं.