भिंतीवरचे मासे आणि न घेतलेलं नाव

परांचीचे लोखंडी पाइप खाली अंगणात आदळले आणि उलबिकेच्या हातातली सुई थेट बोटात गेली. शिवायला घेतलेल्या शाळेच्या सदऱ्यावर रक्ताचा ठिपका पडला. एरवी तिने आधी सदरा थंड पाण्यात घातला असता. आज ती तशीच उठून खिडकीपाशी गेली.

शेजारच्या इमारतीला चारी बाजूंनी बिस्किटी रंगाचे पत्रे ठोकून झाले होते. त्या इमारतीच्या भिंतीवर कापूस वेचणाऱ्या बायका होत्या, रंगीत काचेचे तुकडे एकेक करून बसवलेल्या. त्या बायका आता पत्र्यामागे गेल्या, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. घरं ऊबदार होणार म्हटल्यावर कोण बोलणार? आता पाळी उलबिकेच्या इमारतीची होती.

ह्या इमारतीच्या टोकाच्या भिंतीवर, तळापासून गच्चीपर्यंत, समुद्र होता. निळ्या-हिरव्या लाटा, जाळं ओढणारे कोळी आणि माणसाहून मोठे मासे. खरा समुद्र कधीच आटला. त्याच्या तळाचं मीठ तेवढं वारा उचलून आणतो आणि शहरभर टाकतो. ते मीठ भिंतीत शिरतं, मग तुकडे गळतात. उलबिके सकाळी दूध आणायला निघाली की भिंतीच्या पायथ्याशी वाकायची, पडलेला तुकडा उचलून खिशात टाकायची आणि घरी आल्यावर चहाच्या डब्यात. वरच्या मजल्यावरची गुलिस्तान म्हणायची, "कोंबडीसारखी टिपतेस गं. एक दिवस अंडं देशील."

हा समुद्र उलबिकेच्या सासऱ्यांनी केला होता. आणि सगळं घोडं इथेच पेंड खात होतं, कारण सासऱ्यांचं नाव ती घेऊ शकत नव्हती.

इथल्या काराकल्पाक लोकांच्या घरात सून सासरच्या कुणाचंच नाव ओठांवर आणत नाही. लग्न होऊन आली की तिने सगळ्यांना नवी नावं ठेवायची. उलबिकेने धाकट्या दिराला 'गोड्या' केलं, नणंदेला 'चिमणी', आणि सहा फुटी सासऱ्यांना 'उंच अता'. अता म्हणजे घरातला बाप माणूस. नवऱ्याचं नाव उखाण्यात घालून सुटका करून घ्यायची सोय मराठी बायकांना तरी असते. इथे तीही नाही.

एकदाच तिची जीभ घसरली होती. लग्नाला जेमतेम एक उन्हाळा झाला होता. दारात एक गवंडी आला, घाईत होता, आणि त्याने विचारलं, "हे घर कुणाचं?" उलबिके चुलीपाशी होती. तिने आतूनच सासऱ्यांचं नाव घेऊन 'त्यांचं' म्हणून सांगितलं. सांगितलं आणि जीभ चावली. सासू शारिपा, जिला ती एने म्हणायची, मागेच उभी होती.  तिने सुनेच्या हातातला डाव काढून घेतला आणि स्वतः भांडं ढवळायला लागली. त्याच आठवड्यात परांचीचा दोर तुटला आणि उंच अता मोडक्या पायाने घरी आले. पुढे आयुष्यभर ते लंगडत चालले.

दोर जुना होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उलबिकेलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मनातून जाणं वेगळं. ते गेले, पुढे नवरा अझातही गेला, दीर-नणंद पांगले, मुलगी अयसुलू लग्न होऊन अल्माटीला गेली. घरात उरल्या सासू आणि सून. एक नवऱ्याचं नाव घेत नाही, दुसरी सासऱ्याचं. तेव्हापासून त्या घरात ते नाव कुणाच्या तोंडून निघालंच नव्हतं.

मध्ये एकदा कॅमेरेवाले दोघे आले होते. "ही भिंत कोणी केली, काकी?" त्यांनी विचारलं. तिने मान खाली घालून सांगितलं, "उंच अतांनी." त्यांनी तेच टिपून नेलं. आता 'उंच अता' नावाचा चित्रकार त्यांना कुठल्या दप्तरात सापडणार? तेव्हापासून शहराच्या लेखी त्या समुद्राला बाप नव्हता.

ह्या वसंतात मुनिसा आली. ताश्कंदची पोर, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर तिच्याहून जड पिशवी. शहरातल्या सगळ्या चित्रभिंती शोधत ती एकटी भटकत होती. अंगणात तुकडा उचलणारी उलबिके तिला दिसली आणि तिने ताई म्हणावं तसं अपा म्हणत विचारलं, "हे तुम्ही जपून ठेवता?"

"टाकवत नाही गं," उलबिके म्हणाली. "ह्या माशाचा डोळा बघ. काच नाहीये ती. लिंबूपाण्याच्या बाटलीचं बूड आहे. कारखान्याची काच वेळेवर यायची नाही, मग आमचे उंच अता बाटल्या फोडायचे. एने ओरडायच्या, रिकामी बाटली परत दिली तर पैसे मिळतात म्हणून."

मुनिसाने त्या डोळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "चला माझ्याबरोबर. एक उंट दाखवते."

बसने दोघी शहराच्या पार टोकाला गेल्या. तिथे जुन्या कापूसरस्त्यावर बसथांबा होता, छपराला भोक पडलेला, आत बकऱ्यांचा मुक्काम. मागच्या भिंतीवर उंट होता. उलबिके ह्या थांब्यावर शंभरदा उभी राहिली असेल. बसची वाट बघणारा माणूस भिंतीकडे कशाला बघतो? उंटाचा डोळा हिरवा होता. बाटलीचं बूड.

मग बालवाडीच्या फाटकाशी साळिंदर निघालं. बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर, अर्धा प्लास्टरखाली गेलेला, एक बगळा निघाला. सगळ्यांना तोच डोळा. तलावाच्या पायरीवर उलबिके मटकन बसली. तिला आनंद झाला, खूप झाला. सासरे रोज सकाळी डबा घेऊन लंगडत जायचे ते कुठे, हे तिला आत्ता कळत होतं. पण आनंदाच्या पाठोपाठ भीती आली. आधी झाकली जाणारी एक भिंत होती, आता चार झाल्या.

"नाव काय अपा त्यांचं?" मुनिसाने विचारलं.

उलबिकेने पदराच्या जागी डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातात धरलं. मुनिसा हुशार होती, लगेच समजली. तिने अल्माटीला अयसुलूला फोन लावला, जरा लांब जाऊन नाव विचारून घेतलं आणि परत आली. पण तिचा चेहरा काही उजळला नव्हता.

"नाव मिळालं. पण पत्रे लावणारं मंडळ ऐकणार नाही," ती म्हणाली. "ज्या भिंतीचा कर्ता ठाऊक आहे ती ठेवायची, बाकी झाकायच्या, असं ठरलंय. आणि हे ठरल्यापासून ज्याचा त्याचा आजोबा चित्रकार निघतोय. म्हणून त्यांना काम होताना डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवाय. त्याने सगळ्यांसमोर नाव सांगायचं. मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. तुम्ही होतात."

"मी होते," उलबिके म्हणाली. "सिमेंटची घमेली मीच वर दिली होती."

 बोलावं तर सासूचं काय? शारिपाचं वय झालेलं, हृदय अधू, डॉक्टरने सांगितलेलं की धक्का नको. गेल्या वेळी एक पाय मोडला होता. ह्या वेळी काय मोडेल? आणि न बोलावं तर पत्रे तयारच होते. विचारावं म्हणून ती दोनदा म्हातारीच्या खाटेपाशी गेली आणि दोनदा चहा ठेवून परत आली. तिसऱ्यांदा आडून आडून म्हणाली, "एने, भिंतीला पत्रे लावणारेत. मासे झाकले जातील."

म्हातारीची खाट त्याच टोकाच्या भिंतीला लागून होती. बाहेर समुद्र, आत ती. हिवाळ्यात भिंत बर्फासारखी गार पडायची, तरी तिने खाट कधी हलवू दिली नाही.

"झाकू दे," शारिपा म्हणाली. "तुझे गुडघे तरी दुखायचे थांबतील." आणि भिंतीकडे तोंड करून तिने तळवा भिंतीवर ठेवला.

ह्यातून सुनेने काय समजायचं?

पाइप आदळले त्या सकाळी अंगणात सगळी इमारत जमली. वस्तीचे प्रमुख बायमुरात, मंडळाचे साहेब, मुनिसा, आणि पत्रे घेऊन आलेले कामगार, जे भिंतीला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळत होते. उलबिके खाली उतरली.

गुलिस्तानने आधीच तोंड सोडलं होतं. "माशांनी घर गरम होतं का? माझ्या स्वयंपाकघरात जानेवारीत तेल गोठतं. साहेब, तुम्ही या एकदा, त्या माशांनाच तळून घालते तुम्हाला."

"तेल गोठलेलं असताना तळणार कशात?" बायमुरात म्हणाले, आणि लोक हसले.

साहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "काल एका जागी दोन भाऊ भांडत होते, दोघांचे आजोबा वेगवेगळे," ते म्हणाले. "मला गोष्टी नकोत. हे काम होताना पाहिलेलं कोण आहे?"

"मी," उलबिके म्हणाली.

"कोणी केलं?"

"आमच्या सासऱ्यांनी."

"नाव?"

 अंगणातल्या म्हाताऱ्या बाया तिच्याकडे बघत होत्या. त्यांना तिची अडचण बरोबर कळली होती, आणि म्हणूनच एकही मदतीला येत नव्हती. तिने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर सासूच्या खोलीची खिडकी तिने सकाळी घट्ट लावली होती. आता ती उघडी होती. 

"नाव ठाऊक नाही का?" साहेबांनी विचारलं. त्यांनी कामगारांकडे हात केला नाही, नुसती मान वळवली. तेवढ्याने एक जण बियांची सालं थुंकून उठला आणि परांचीच्या पहिल्या आडव्या पाइपवर त्याने पाय ठेवला.

उलबिकेला दुसराच पाय दिसला, उंच अतांचा, फळकुटं बांधलेला, दारातून आत येणारा.

"ओतेनियाझ," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की बायमुरातनी कानाला हात लावला. मग ती ओरडलीच. "ओतेनियाझ! सेयिताचा मुलगा ओतेनियाझ. ही भिंत त्यांनी केली. तो उंट, ते साळिंदर आणि तलावावरचा बगळाही त्यांचाच. डोळे बघा त्यांचे, बाटलीच्या बुडाचे आहेत. सिमेंट मी दिलं होतं."

 एका म्हातारीने "तोबा" म्हणत, अशुभ टळावं म्हणून गळपट्टीत थुंकल्यासारखं केलं. साहेब भिंतीपाशी गेले, सगळ्यात खालच्या माशाच्या डोळ्यावर त्यांनी नख मारून पाहिलं आणि कामगाराला खाली उतरायला सांगितलं. "तीन बाजू झाका. ही राहू द्या." मुनिसा रडायला लागली. गुलिस्तान म्हणाली, "झालं. आता माझं तेल जन्मभर गोठणार. हिच्या डब्यातले तुकडे तरी लावून घ्या परत, निदान भोकं बुजतील."

उलबिकेला ह्यातलं निम्मंच ऐकू आलं. ती जिन्याकडे धावली होती. गुडघे दुखत होते, ती कठडा धरून चढत होती, आणि प्रत्येक पायरीवर मनात म्हणत होती की मला काहीही होऊ दे, एनेला नको. दार उघडंच होतं. सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. खिडकीतून वारा येत होता, पांघरूण खाली घसरलं होतं. म्हातारी हलत नव्हती.

"एने?"

ती खाटेजवळ गेली.

"एने, माझं चुकलं. मी मुद्दाम नाही घेतलं. ते पत्रे..."  ती खाटेशी खाली बसली आणि सासूचा हात तिने हातात घेतला. हात गार होता. पण भिंतीला लावलेला हात गारच असणार, हे तिला उशिरा सुचलं.

शारिपाने मान वळवली. डोळे ओले होते.

"खाली काय म्हणालीस?"

"एने, माफ करा."

"ते नाही. त्याआधी काय म्हणालीस? मी उठून खिडकी उघडली, तरी माझे मेले कान. अर्धंच ऐकू आलं." म्हातारीने तिचं मनगट धरलं, चांगलं घट्ट. "मला तर घेता येत नाही गं. अझात होता तोवर 'बाबा' म्हणायचा. तू म्हणायचीस उंच अता. मग कुणी काहीच म्हणेना. परवा पडल्या पडल्या मनातल्या मनात आठवायला गेले तर सुरुवातच आठवेना. किती घाबरले होते मी, तुला काय सांगू."



"इकडे ये, कानाशी," शारिपा म्हणाली. "म्हण पुन्हा."

उलबिके सासूच्या कानाशी वाकली आणि तिने नाव घेतलं. म्हातारीने डोळे मिटले, ओठ हलवले, पण आवाज काढला नाही.

"अजून एकदा," ती म्हणाली. "आणि एवढी घाई करू नकोस."