जाळीवरचा कोसा

हैदराबाद मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा मायसोबत, दोन्ही वेळा आमच्या मण्यारीण चाचीच्या माहेरी उतरून. पण कुणी त्या शहराबद्दल विचारलं, तर चारमिनार काय, गोवळकोंडा काय, मी सगळं पहिल्या खेपेचंच सांगते. दुसऱ्या खेपेवर आलं की मी चहा ठेवायला उठते. आज उठत नाही.

आमचं गाव नागभीडजवळ, घर कोष्ट्याचं. बाबा मागावर कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, विणत, आणि तुटलेला धागा जोडायचं काम मायचं. धागा तुटला की माग थांबे. बाबा हाक मारत नसत, नुसते खाकरत. माय चुलीपासून हात पुसत उठे, दोन टोकं चिमटीत धरी आणि अशी बारीक गाठ मारी की ती मागाच्या फणीतून न अडकता जाई. बाबा कौतुक करणारे गृहस्थ नव्हते. भाजी बरी झाली, एवढंसुद्धा त्यांनी जन्मात म्हटलं नाही. पण गिऱ्हाइकासमोर थान उलगडून ते म्हणत, "गाठ शोधून दाखवा जी. लुगडं फाटंल, पन गाठ नाई सुटनार." माय आत भांडी घासत असे. तेवढ्यापुरती भांडी वाजायची थांबत.

माझी थोरली बहीण, ताई, लग्न होऊन ब्रह्मपुरीकडे गेली होती. दुसऱ्याच वर्षी सासरच्यांनी तिला हवापालटासाठी म्हणून आणून सोडलं. असा हवापालट म्हणजे काय, ते गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं. ती खोकायची. संध्याकाळी ताप चढला की तिचे गाल लाल होत आणि ती लग्नातल्यापेक्षा देखणी दिसे. मला याचा फार राग यायचा.

चाची घरोघर फिरून बांगड्या भरायची. ताईच्या लग्नाचा चुडाही तिनेच भरलेला. तीच मायला म्हणाली, "बाई, माह्या माहेरी मोठा दवाखाना आहे, अन् दर्गाबी आहे. दोनी करून पाहू. पोरगी जवान आहे." माग बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून बाबा राहिले. आम्ही चौघी छोट्या गाडीने चांद्याला आणि तिथून मोठ्या गाडीने निघालो. मायने तांदूळ, जवसाची चटणी आणि घरचं पाणीसुद्धा घेतलं होतं. पाणी बल्लारशाहच्या आधीच संपलं.

दवाखान्यात औषध दिलं, खाऊ-पिऊ घाला म्हणाले. बाहेर पडल्यावर ताई म्हणाली, "आता मले शहर दाखवा. नुसता दवाखाना पाहून मी परत नाई येत."

चारमिनारखाली माय मान मोडेस्तोवर वर पाहत राहिली. "एवढं उंच बांधलं, अन् राह्यते कोन इथी?"

"घड्याळ राह्यते माय," ताई म्हणाली, आणि इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. शेजारच्या मशिदीच्या अंगणातल्या कबुतरांना तिने आमचे तांदूळ टाकले. मायने तांदळाकडे नुसतं पाहिलं. मग बांगड्यांच्या गल्लीत चाचीने ताईचा हात हातात घेतला, दाबून पाहिला, आणि लग्नात भरलेल्या मापापेक्षा पुष्कळच लहान माप काढायला लावलं. लाखेच्या लाल बांगड्या, त्यावर काचेचे बारीक तुकडे. ताई हात उन्हात धरून सगळ्या रस्ताभर त्या चमकवत चालली.

गोवळकोंड्याला दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर टोकाला ऐकू येते. ताईला चढवणार नव्हतं. ती म्हणाली, "मी इथून वाजवतो, तू वर जाऊन आईक." मी आणि चाची वर गेलो. चाची प्रत्येक पायरीला अल्लाला बोलावत होती. वर पोचलो, कान दिले, आणि खरंच टाळी आली. कोरडी, छोटी, पण स्पष्ट. पाठोपाठ खोकलाही आला. तो टाळीपेक्षा जास्त वेळ येत राहिला. चाचीने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

दर्ग्याला शेवटच्या दिवशी गेलो. बायकांनी दगडी जाळीपर्यंतच जायचं, आणि मनात मागून जाळीला धागा बांधायचा. बाहेर लाल सुताच्या लडी विकायला होत्या. मायने नाक मुरडलं. आमच्याकडे देवाच्या कामाला कोसाच लागतो, सूत चालत नाही. देव दुसऱ्यांचा असला म्हणून काय झालं? तिने पदराच्या गाठीतून कोशाचा धागा काढला. घरूनच आणला होता. डोळे मिटून तिने तो बांधला.

चाची म्हणाली, "मुराद पुरी झाली का येऊन आपल्या हातानं सोडून देजा बाई."

ताई दिवाळीनंतर गेली. धानाची कापणी चालू होती, खांदा द्यायला माणसं बांधावरून बोलवावी लागली. लाखेच्या बांगड्या तोवर तिच्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

माय रडली, सगळ्या बाया रडतात तशी रडली. मग तिने एकच धरलं. "माह्या पोरीले मी तिथी बांधून आली. ते अडकून राह्यली आहे."

"ज्याचं झालं नाई, त्याचा धागा तसाच राह्यते बाई," चाचीने समजावलं. "सोडाले कोनी नाई जात."

"मांगनं संपलं नं? मंग गाठ काऊन ठेवाची?"

मायचं जेवण सुटत चाललं. बाबा खाकरायचे, ती उठून धागा जोडायची, पुन्हा भिंतीला टेकायची. ईदला चाची माहेरी निघाली तेव्हा आम्हाला न विचारताच घेऊन गेली.

या वेळी मायने चारमिनारकडे मान वर केली नाही. बांगड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चाचीचा पाय रेंगाळला, तर मायने तिचा हात धरून पुढे ओढलं.

जाळीवर हजारो धागे होते. पावसाने, उन्हाने लाल सूत फिकट झालेलं, कुजून तुटलेलं. आणि त्यात आमचा कोसा, काल बांधल्यासारखा. मी आनंदाने ओरडलेच. मायने नखं लावली. गाठ हलेना. तिने दातांनी धरून पाहिलं, मग मी पाहिलं, मग चाचीने. सगळ्यांची नखं दुखायला लागली, आणि तेव्हा मला कळलं. मायने नवसाची गाठ मारलीच नव्हती. डोळे मिटून बांधताना हाताने आपलं रोजचं काम केलं होतं. तिच्या हाताला गाठ एकच ठाऊक होती, आणि ती सुटण्यासाठी नव्हती.

मायलाही ते कळलं. ती तिथेच खाली बसली आणि स्वतःच्या बोटांवर चापट्या मारायला लागली.

दर्ग्याची देखभाल करणारे म्हातारे मुजावर आले. "कैंची लाऊँ क्या अम्मा?"

मायने नको म्हणून मान हलवली. आमच्या घरात थान पुरं झाल्याशिवाय मागावरच्या धाग्याला कात्री लावत नाहीत. ती बसून राहिली. लोक येत होते, धागे बांधत होते, कुणी हसऱ्या तोंडाने सोडत होते. शेवटी तिने हात पुढे केला.

"द्या," ती म्हणाली. "थान झालं."

तिने स्वतःच कापला. गाठ तिच्या तळहातावर राहिली, जशीच्या तशी.

घरी आल्यावर तिने ती बाबांपुढे धरली. बाबांनी कापड तपासतात तसा गाठीवरून अंगठा फिरवला.

"सुटली नाई?"

"नाई."

बाबा माझ्यासमोर तेव्हा पहिल्यांदा रडले.

मायने त्यानंतर मागावरचा धागा कधी जोडला नाही. तुटला की बाबा खाकरतही नसत, स्वतःच जोडत. त्यांची गाठ जाड व्हायची, फणीत अडकायची आणि माग पुन्हा थांबायचा. माय चुलीपाशी ते ऐकायची. उठायची नाही.