मादलेनने कोरं सोडलेलं पान

मादलेन गेल्याचं तिच्या मुलीने, क्लेरने, फोनवर सांगितलं तेव्हा मी भिवापुरी मिरच्यांचे देठ काढत बसले होते. फोन स्पीकरवर, दोन्ही हात तिखटाने भरलेले, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. क्लेर तिकडे रडत होती आणि मी इकडे हात पुढे धरून नुसती बसले होते... ईरा, निशांत, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू गच्चीवर एकटीच काय पुटपुटत असतेस?" मी विषय बदलला. उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं. ते आता क्रमाने लिहिते.

मादलेन फ्रेंच कवयित्री. तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा काही हिवाळे ती आमच्या वरच्या खोलीत राहिली. आपल्या नागपुरात लाखो माणसांनी एकत्र येऊन, शस्त्र न उचलता बौद्ध धर्म स्वीकारला, हे तिने वाचलं होतं आणि ती माणसं तिला भेटायची होती. ती तरुण असताना तिचा देश दूरच्या एका देशात लढाई करत होता. भरती होणाऱ्या मुलांना 'जाऊ नका' असं सांगणाऱ्या कविता तिने लिहिल्या आणि त्यापायी तुरुंगात गेली. तिथे कागद मिळेना. मग कोठडीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत ती मनातच ओळी जुळवू लागली. सुटल्यावरही तिची ती सवय गेली नाही. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत ती येरझारा घालायची, वाळत घातलेल्या मिरच्यांमधून वाट काढत. शेजारच्या गल्लीतल्या कमलताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, अख्खी वस्ती त्यांना सिस्टर म्हणायची. त्या खालून ओरडायच्या, "काय वं वैनी, तुमची पाहुणी वर काय शोधून राहिली? काही हरवलं काय तिचं?" पुढे मादलेनला टायफॉइड झाला तेव्हा इंजेक्शनं द्यायला त्याच आल्या. "हिले म्हणा, आधी पेज पी, मग क्रांती कर." मी ते इंग्रजीत सांगितलं. मादलेन तापातही हसली आणि तिथून दोघींचं जमलं.

तिचा एक नियम होता. ज्या माणसावर कविता, त्याला ती आधी ऐकवायची. तो हो म्हणाला तरच कागदावर उतरवायची. तरुणपणी तिने एका संपकऱ्याच्या बायकोवर कविता केली होती. ती गाजली, भिंतींवर लागली, मोर्च्यांत म्हटली गेली आणि लोक ओळखून बोट दाखवू लागल्यामुळे त्या बाईला मात्र बाजारात जाणं अवघड झालं. "माझी कविता जिंकली आणि ती बाई हरली," असं मादलेन म्हणायची. त्यानंतर तिने हा नियम कधी मोडला नाही.

सिस्टर लहान होत्या तेव्हा त्यांच्या घराने दीक्षा घेतली होती. त्या दिवसांतल्या आपल्या आईबद्दल त्या एकदा बोलल्या, आम्हा दोघींपाशीच. पुढे कित्येक दिवस गच्चीवर पावलं वाजत राहिली. मग मादलेनने मला ती कविता इंग्रजीत, ओळीओळीने सांगितली आणि मी तिची मराठी केली. एकेक शब्द ती परत परत म्हणून घ्यायची, म्हणून ती मला पाठ झाली. सिस्टरच्या ओसरीवर, मादलेनला शेजारी बसवून, मी ती त्यांना म्हणून दाखवली. सिस्टरनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "मायनं जे जलमभर कोणाले दिसू देल्लं नाही, ते हिच्या पुस्तकात काहून पाह्यजे?" मला भाषांतर करावंच लागलं नाही. मादलेनने त्यांचे हात धरले. "ठीक है, सिस्टर. नहीं छापूँगी." तिचं नागपूरवरचं पुस्तक निघालं तेव्हा त्यात मधेच एक पान कोरं होतं. आपली सगळ्यात चांगली कविता तीच, असं ती अखेरपर्यंत म्हणत राहिली आणि तरीही तिने ती कुठे उतरवली नाही.

आता तिच्या सगळ्या कवितांचा एकत्र ग्रंथ निघणार आहे. त्यासाठी क्लेरचा दुसरा फोन आला. "आईबरोबर ती कविताही गेली. आता फक्त तुमच्याकडे आहे. मराठीतली द्या, आम्ही फ्रेंच करून घेऊ." मी सिस्टरकडे गेले. त्यांचे गुडघे कामातून गेलेत, दिवसभर खाटेवर असतात. मादलेन गेल्याचं सांगितलं, मग क्लेरचं मागणं. "म्हणा बरं एकदा," त्या म्हणाल्या. मी म्हटली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"लय चांगली केली होती वं तिनं..."

"मग देऊ?"

"नाही. तिनं माह्या मायचं झाकलं न् झाकून गेली. आता आपुन उघडायचं काय?"

पान कोरंच राहू दे, असं मी क्लेरला कळवलं. तिचं उत्तर आलेलं नाही. आपल्या आईचं सगळ्यात चांगलं लेखन मी तिला नाकारलं, हे मला कळतं. रोज कळतं. कवितेत काय होतं, ते मी इथेही लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

निघताना सिस्टरनी मला परत बोलावलं होतं. "पण इसरू नका हं वैनी. मले कधीमधी ऐकवत जा." म्हणून मी संध्याकाळी गच्चीवर जाते आणि टाकीपासून कठड्यापर्यंत चालत ती म्हणते. या वयात ओळी निसटतात. एखादी अडली की परत टाकीपाशी जाऊन सुरुवात करते. परवा सिस्टरना ऐकवताना मधेच त्यांना झोप लागली. मी थांबले नाही, शेवटपर्यंत म्हटली. आम्हा दोघींनंतर ती कुणाकडेच नसेल. तुम्ही म्हणाल, आम्हाला शिकव... नाही, बाळांनो. ती मला देता येणार नाही.

यंदाही मिरच्या वाळत घातल्या आहेत. टाकीपासून कठड्यापर्यंतचा पट्टा मोकळा सोडला आहे.