टाकी क्रमांक तीनमधली जोडी

नामे नत्थूजी वल्द सोमाजी, जात ढीवर, वय अंदाजे चाळीस, उंची पाच फूट तीन इंच, हुद्दा मत्स्यरक्षक (हंगामी), वर्तणूक समाधानकारक, ओळखीची खूण : काही नाही.

हा मजकूर हेडक्लार्क मार्तंडराव यांनी १९३१ साली आपल्या वळणदार अक्षरात लिहिला. खाते कोणते होते ते सांगून उपयोग नाही. त्या खात्याचा माशांशी काडीचा संबंध नव्हता. साहेबांना मात्र मासे पाळण्याचा नाद होता. सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात काचेच्या तीन मोठ्या टाक्या होत्या, आणि त्या सांभाळायला नत्थूजी.

पहिल्या टाकीत एक मरळ होती. नत्थूजीने ती अंबाझरीच्या तलावातून वीतभर असताना आणली होती. आता ती हातभर झाली होती. तो तिला म्हातारी म्हणे. रोज सकाळी तो जिवंत बेडूक पायाला धरून पाण्यावर लोंबकळत ठेवी. म्हातारी तळाशी लाकडासारखी पडून राही, आणि मग एकदम काचेवर पाणी उसळे, नत्थूजीच्या चिमटीत फक्त बेडकाचा पाय उरे. चार वर्षांत तिने शेकडो बेडूक असे फाडले. नत्थूजीच्या बोटाला कधी दात लावला नाही.

त्या उन्हाळ्यात वैनगंगेतून दुसरा मासा आला, थोडा मोठा. त्याला दुसऱ्या टाकीत सोडले आणि मार्तंडरावांनी टाकीवर पहिल्या टाकीसारखीच चिठ्ठी लावली : ‘मरळ’. ही ओळख त्यांनी व्हरांड्याच्या दारातून पटवली. ते स्नानसंध्या करून बंगल्यातल्या कचेरीत येत. टाकीजवळ गेले की परत आंघोळ आली, आणि विहीर मे महिन्यात तळाला गेलेली. तेव्हा माशांचा सगळा अभ्यास ते सात हातांवरून करत. मासळी त्यांच्या घरात सात पिढ्यांत शिजली नव्हती, त्यामुळे त्यांच्या मतात स्वादाचा पक्षपातही नव्हता.

मग उन्हाळ्यासाठी पचमढीला गेलेल्या साहेबांचे पत्र आले. दोन्ही मरळींची जोडी तिसऱ्या टाकीत करावी. पावसाळ्यात परत येऊ तेव्हा पिल्ले दिसावीत.

नत्थूजी दारापाशी जाऊन उभा राहिला. “हे जोडी नोहे जी. म्हातारी मरळ होय, तिचे पट्टे पोटापर्यंत उतरते. ह्याच्या शेपटाच्या बुडाशी काळा डोळा हाय, मागच्या अंगावर पांढरे ठिपके हायेत. हा फुलमरळ होय. तिले फाडून टाकन.”

मार्तंडरावांनी शांतपणे समजावले, की मोराला पिसारा असतो, लांडोरीला नसतो. ज्याला डोळा तो नर. सृष्टीचा नियमच आहे.

“तुमी जवळ येऊन पाहा न जी. एक डाव.”

मार्तंडराव म्हणाले, की चिठ्ठीवर दोघांचे नाव एक आहे आणि ते पाहायला जवळ यावे लागत नाही. तो टाकत नसेल तर माळी टाकेल. माळ्याकडे मासा धरायला लोखंडी आकडा होता. तेव्हा नत्थूजीने म्हातारीला स्वतःच ओल्या पोत्यात घेतले आणि तिसऱ्या टाकीत सोडले. फुलमरळाला माळ्याने आधीच तिथे टाकले होते.

पहिली दोन मिनिटे काही झाले नाही. मार्तंडराव दारातून म्हणाले, “बघ. लाजतायत.”

मग फुलमरळाने तिची शेपटी मुळापासून घेतली. ती वळली तेव्हा त्याने पोट धरले आणि अंगाला झटका देऊन ते उघडले. पाणी तांबडे झाले, त्यात खवले फिरू लागले. तिने एकदाच त्याचा जबडा पकडला, पण शेपटीवाचून तिला जोर लावता येईना. नत्थूजीने दोन्ही हात आत घातले. फुलमरळाने तिला सोडले आणि त्याच्या उजव्या हाताची तर्जनी धरली. हात बाहेर आला तेव्हा मासा बोटाला लोंबत होता. नत्थूजीने तो खांबावर आपटला. पहिल्या फटक्याला सुटला नाही. पाचव्या फटक्यानंतर त्याला डोके म्हणावे असे काही राहिले नव्हते, पण नत्थूजी आपटतच राहिला. मार्तंडरावांच्या धोतरावर रक्ताचे शिंतोडे उडाले आणि शेवटी आंघोळ करावी लागलीच.

म्हातारी दुपारपर्यंत तोंड उघडत राहिली. नत्थूजी टाकीशी बसून होता. मग तिने उघडणे थांबवले.

घरी त्याची बायको रंभाबाई हिने बोटाला हळद दाबली. ती बाजारात मासळीच विकायची. दोन्ही जातींची पारख तिला अंधारात, हाताने होती. “फुलमरळाले भाव कमी येते,” ती म्हणाली. “त्याच्यापायी कोनी बोट देते काय?” मग तिने म्हातारीचे काय झाले ते विचारले आणि हळदीवर चिंधी बांधली. बोट आठवड्यात सडले. डॉक्टरांनी अर्धे कापले.

मार्तंडरावांनी पचमढीला कळवले, की उभयतांचे स्वभाव न जुळल्यामुळे जोडी मयत झाली. जुलैत हंगामी नोकरांचे तक्ते नव्याने लिहायचे असत. नत्थूजी दारापाशी उभा होता. मार्तंडरावांनी मान वर न करता जुना तक्ता पाहून नवा उतरवला : उंची पाच फूट तीन इंच, वर्तणूक समाधानकारक, ओळखीची खूण काही नाही.

नत्थूजीच्या उजव्या हाताला साडेचार बोटे होती.