आषाढात सोडलेला जिताडा

वत्सलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलीच्या, मृणालच्या, दवाखान्यात काउंटरवर बसले होते. आत तिचं मशीन घरघरत होतं, त्यामुळे वत्सलाताईंचा मुलगा जयेश काय सांगतोय ते मला दोनदा विचारावं लागलं. "काकी, आई गेली... चहा प्यायली, कप खाली ठेवला, आणि..." एवढं जवळचं माणूस गेल्यावर मनात काहीतरी भारदस्त यायला हवं ना? माझ्या मनात पहिलं आलं ते असं: अरे देवा, आणि यांनी तर या महिन्यात जिताडा सोडलाय!

ही भानगड समजायला थोडं मागं जायला हवं. मी मूळची पुण्याची, शाकाहारी, आयुष्यभर कचेरीत फायली सरकवलेली. निवृत्त झाल्यावर नव्या पनवेलला मुलीकडे राहायला आले. घरात बसून तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यापेक्षा तिच्या दातांच्या दवाखान्यात बसलेलं बरं, असं आमच्या दोघींच्याही मताने ठरलं. तिथेच काही वर्षांपूर्वी वत्सलाताई आल्या. सासर गव्हाणचं. जमिनी गेल्या, मोबदला आला, मुलाने पनवेलला बंगला बांधला, अशा घरातल्या. गळ्यात सोनं, केसांत भरगच्च गजरा आणि तोंडात मोजून चार दात. आल्या आल्या त्यांनी मृणालला बजावलं, "डाक्टरबाय, खर्चाचा बोलू नको. मना हाडूक फोडता आला पायजे, बस!"

कवळी बसली त्या दिवशी त्या आरसा हातात घेऊन स्वतःवरच खूश होऊन बसल्या होत्या. तेवढ्यात कामोठ्याहून एक म्हातारी कवळीची चौकशी करायला आली. तिने खर्च ऐकला, पदर तोंडाला लावला आणि "सुनेला विचारून येते" म्हणून निघाली. असं म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही, हे मला काउंटरवर बसून बसून ठाऊक झालं होतं. वत्सलाताईंना ते तिथल्या तिथे कळलं. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या, पदराची गाठ सोडून पैसे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "त्या म्हातारीला बोलवा. मी महिनाभर कुल्फी नाय खाल्ली." कुल्फीच्या पैशांत कवळी होत नाही, हे मी त्यांना सांगणार होते. पण मृणालने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि उरलेला भार स्वतः उचलला. तेव्हापासून दर महिन्याला वत्सलाताई एक चैन सोडायच्या आणि कुणाच्या तरी तोंडात दात यायचे.

जयेशला हे मुळीच पटायचं नाही. पोरगा हाताचा सढळ. एकदा माझ्यासमोरच आईला म्हणाला, "आई, किती कवळ्या करायच्या सांग, सगळ्यांचे पैसे मी देतो. तू कशाला स्वतःच्या खाण्यावर उठतेस?" वत्सलाताई शांतपणे म्हणाल्या, "तू देशील रे. पन तुझा काय जाईल? तुझ्या ताटात हाय तेच असंल. माझा तोंड महिनाभर गप बसला तर मना रोज ध्यानात राहील, कोनाचा तरी तोंड उघडायचा हाय." त्याने गाडीची किल्ली उचलली आणि गेला.

आपल्याकडे काशीला गेलं की एक आवडती वस्तू कायमची सोडून यायची रीत आहे. मीही काशीला जाऊन आलेय. पडवळ सोडून आलेय. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की कवळी काढून हातात घ्यावी लागली. "पडवल! अगो, पडवलानंच तुमाला सोडला असंल!" त्यांचा कायदा वेगळा. कायमचं सोडलं की सवय होते, पुढच्या वर्षी आठवतसुद्धा नाही, मग त्यात सोडलं काय? म्हणून एकच महिना, पण ऐन भरातला. कुल्फी सोडायची ती मे महिन्यात, गजरा सोडायचा तो लग्नसराईत. श्रावणात मासे सोडणं त्यांना चक्क लबाडी वाटायची. "सगला गाव सोडतो, त्याच्यात माझा काय?"

आणि महिना संपला की पहिल्या तारखेला सकाळी फोन... "कुंदाबाय, आज सोडाया येते." घरी नातवंडं चिडवतात म्हणून त्या माझ्याकडे यायच्या. माझ्या स्वयंपाकघरात मासळीला मज्जाव, त्यामुळे बैठक गॅलरीत. आपली एक जर्मनची थाळी त्यांनी माझ्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे कायमची ठेवून दिली होती. त्या डबा उघडून मांडी घालून बसायच्या, मी दाराशी कॉफी घेऊन. एकदा मी म्हटलं, "बघा, मासे सोडले म्हणजे खाणं थांबलं, आणि उपास सोडला म्हणजे खायला बसलो. सोडणं एकच, अर्थ उलटे." त्या काटा काढता काढता म्हणाल्या, "बरा हाय की. मना एकच शब्द पुरतो." त्यांच्यासारखं मन लावून जेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. खरं सांगते, त्यांना जेवताना बघून माझंच पोट भरायचं.

यंदा जूनमध्ये मात्र त्या अस्वस्थ होऊन आल्या. गव्हाणला एका हळदीला गेल्या होत्या आणि तिथे त्यांनी थोरल्या जावेला, हिराबाईला, जेवताना पाहिलं होतं. दोघी सुना म्हणून आल्या, एका चुलीवर भाकऱ्या थापल्या. पुढे जमिनीच्या पैशांवरून घरं फाटली आणि कित्येक वर्षं एकमेकींशी चकार शब्द नाही. "थोरली नुसता रस्सा-भात गिलत होती गो," वत्सलाताई म्हणाल्या. "मटनाचा तुकरा नातवाच्या ताटात टाकला. ती! जिताड्याचा डोका कोनाला मिलू द्यायची नाय ती!" हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते आणि जुना रागही आवाजात तसाच होता. मग त्यांनी जाहीर केलं की जुलैमध्ये जिताडा सोडणार. खाडीचा हा मासा आषाढात भरतो, आणि तो म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मृणालने गव्हाणच्या देवळात दातांच्या तपासणीचं शिबिर घेतलं, हिराबाईंची कवळी "शिबिरातर्फे" झाली. अट एकच. "माझा नाव निघाला तर दात खाडीत फेकंल ती. सांगू नका."

कवळी बसली. मी फोन करून कळवलं. "चावते?" त्यांनी विचारलं. "चावतात. चणे खाऊन दाखवले," मी म्हटलं. पलीकडे बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं. "मग संपू दे आता महिना," त्या म्हणाल्या. तेच आमचं शेवटचं बोलणं.

दहाव्याचा विधी गव्हाणला तळ्याकाठी झाला. पानावर वत्सलाताईंच्या आवडीचं सगळं वाढलं होतं आणि मधोमध जयेशने आठवणीने जिताड्याची तळलेली तुकडी ठेवली होती. कावळा समोर फांदीवर येऊन बसला, मान तिरकी करून बघू लागला, पण खाली उतरेना. जयेशने हात जोडले. घर एकत्र ठेवीन म्हणाला, कवळ्यांचं काम बंद पडू देणार नाही म्हणाला. कावळा ढिम्म. माणसं कुजबुजायला लागली, जयेशचा चेहरा रडवेला झाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, ती तुकडी उचल आधी! महिना संपायचाय अजून. तुझ्या आईने जिताडा सोडलाय!"

"कनासाठी सोडला?" बायकांमधून कुणीतरी विचारलं. मी वळून पाहिलं, हिराबाई होत्या. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "तुमच्या दातांसाठी," मी म्हटलं.

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळं गाव त्यांच्याकडे बघत राहिलं. जयेशने घाईघाईने तुकडी उचलली, आणि आमच्या नजरा तिकडे असतानाच मागे पंखांची फडफड झाली. कावळा भात घेऊन गेला होता. कावळ्याला काय कळतंय म्हणा! कुणी बघत नाही असं पाहून त्याने डाव साधला असेल. हिराबाई मात्र तोंडावरचा पदर तसाच धरून निघून गेल्या. घरी येताना मृणाल गाडीत माझ्यावर चिडली, "आई, त्यांची एकच तर अट होती!" तिचं बरोबर होतं. पुढचा आठवडा माझ्या डोळ्यांपुढे खाडीत पडलेले ते दात दिसत होते.

एक ऑगस्टला सकाळी सवयीने फोन शेजारी घेऊन बसले. तो कुठला वाजायला! वाजली ती दाराची बेल. दारात हिराबाई, दोन जिने चढून दमलेल्या, हातात डबा, पदर तोंडावर घट्ट. दात आहेत की नाहीत, कळायला मार्ग नव्हता. "जयेशनं सगला सांगितला, पत्ता बी दिला," त्या पदराआडून म्हणाल्या. "तिची थाली कुठं हाय?"

मी स्टँडमागची थाळी काढून दिली. त्या गॅलरीत मांडी घालून बसल्या, डबा उघडला. आत जिताड्याचं कालवण होतं, डोक्यासकट. मग त्यांनी पदर खाली घेतला... दात जागेवर होते. मला इतकं बरं वाटलं की कॉफी करायचं विसरून मी तिथेच दाराशी खाली बसले. हिराबाई डोळे पुसत, चवीचवीने, काटा न काटा वेचत जेवल्या. डोकं शेवटी ठेवलं होतं, तेही सोडलं नाही. मग उठून त्यांनी स्वतः थाळी घासली, पुसली, आणि मी दाखवलं तिथे स्टँडमागे परत ठेवली. थाळीवरचा हात मात्र काढेनात.

"वत्से," इतक्या वर्षांनी थोरली धाकटीशी बोलली, "सोडला गो तुझा महिना."