वळणापासून दारापर्यंत

बॅटरीच्या स्कूटरी बडोद्यात नव्याने आल्या, तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी काकूंच्या पाटल्या मोडून एक घेतली. तिच्यावरून ते गोरव्याला कारखान्यात कामाला जात. खाली प्लग नव्हता, म्हणून रोज संध्याकाळी जड बॅटरी छातीशी धरून जिने चढत आणि प्रत्येक मजल्यावर टेकवून "हाश" म्हणत. वर मला ऐकवत, "पेट्रोलचं टेन्शनच नथी."

दोन वर्षांत बॅटरी थकली. चार्ज कामावर जाण्यापुरताच पुरे. नवीला दोन पगार लागले असते. कारखान्यात प्लग मागितला, तर साहेब म्हणाले, मग सगळेच मागतील.

एका संध्याकाळी ते स्कूटर ढकलत येताना दिसले. मी सायकलवरून उतरून सोबत चाललो. सोसायटीच्या वळणावर त्यांनी घाम पुसला, शर्ट खोचला.

"विसावा मिळाला की थोडी चालते," म्हणाले आणि स्कूटरवर बसून रुबाबात आत शिरले. वर गॅलरीत काकू उभ्या होत्या.

पुढे एकदा काकू आमच्या हिला म्हणाल्या, "पेट्रोल वाचतं, पण यांच्या चपला फार झिजतात हो."