मोठ्याबाईंच्या दोन हाका

भुताखेताच्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, ही बाई भोळसट दिसते. आदिलाबादला आमचं बांगड्यांचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं लावते... मला कोणी सहजासहजी बनवू शकत नाही.

मागच्या पावसाळ्यातला रविवार. मी, आमचे हे आणि शेजारचं जोडपं, असे कार काढून निघालो. आधी निर्मलचा घाट — ढग पार रस्त्यावर उतरलेले — आणि परत येताना कुंटाल्याचा धबधबा.

एक कबूल करते. निघताना मी मोठ्या जाऊबाईंशी खोटं बोलले. मोठ्याबाई म्हणतो आम्ही त्यांना. सगळा जन्म इथे गेला, पण कुंटाला पाहिला नव्हता. दरवर्षी म्हणायच्या, "मले बी न्या वं एकडाव." गाडीत पाचवी जागा होती की! पण त्यांचे गुडघे दुखायचे, धरून धरून पायऱ्या कोण उतरवणार?

"काऊन वं, कुठी चालली सजून?" त्यांनी विचारलंच.

"निर्मलले, दुकानाचा माल पाहाले."

"बरं, जा. पानी लय हाय, गाडी हळू चालवा म्हना."

कुंटाल्याला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. खाली पाण्याचा एवढा आवाज, की शेजारी उभ्या नवऱ्याचं बोलणं मला कळेना. आणि त्यातच, अगदी कानाशी — "रंजू!"

मोठ्याबाईंचा आवाज! वळून पाहिलं, तर मागे कोणी नाही. नुसत्या ओल्या पायऱ्या. परत आली हाक, "रंजू वं!"

ओ अगदी ओठावर आली होती. पण नवी नवरी असताना तलमडुगूच्या शेतात मोठ्याबाईंनीच मला बजावलं होतं, "रानात हाक आली तं तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नको. ते दोनदाच बोलावते." तेव्हा मी खो खो हसले होते. त्या दिवशी मात्र, काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, तोंड घट्ट मिटून उभी राहिले. तिसरी हाक आलीच नाही.

वर हायवेला लागलो, रेंज आली, आणि मोबाईलवर पुतणीचे, शुभाचे, सात मिस्ड कॉल. मोठ्याबाईंना लकवा मारला होता.

दवाखान्यात शुभा गळ्यात पडून रडली. "काकू, आई जेवून बसली होती. एकाएकी तुमाले हाका माराले लागली, दोनदा. मी म्हटलं, काकू तं निर्मलले गेली. तं म्हने, 'नाही वं, ते पान्यापाशी उभी हाय. पानी लय गाजून राह्यलं, तिले आयकू नाही जाऊन राह्यलं.' अन् तोंडच वाकडं झालं तिचं..."

कुंटाल्याला जातोय हे आम्ही घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं?

मोठ्याबाई आहेत. वाचा गेली, पण समजतं सगळं. दोन्ही वेळा मीच भरवते. मी खोटं बोलून गेले हे त्यांना ठाऊक आहे, तरी हात धरतात. मला ऐकू आलं नाही असंच त्या अजून धरून आहेत हो... आलं होतं, स्वच्छ ऐकू आलं होतं, हे सांगायला मी रोज तोंड उघडते, आणि म्हणते, "अजून एक घास घ्या."